पुस्तकात असं नाहीये!

पडद्यावर ‘अमुक अमुक यांच्या कादंबरीवर आधारित’ अशी अक्षरं उमटली की थिएटरात तत्काळ दोन तट पडतात. एक वाचलेल्यांचा आणि एक न वाचलेल्यांचा. न वाचलेले लोक सिनेमा बघतात. वाचलेले लोक सिनेमा तपासतात.

आमचे मामा वाचलेल्यांचे सेनापती. सगळी हयात बँकेत गेल्यामुळे समोर आलेला कागद कशाशी तरी ताडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शनिवारी सिनेमा असेल तर सोमवारपासून मूळ कादंबरीची उजळणी सुरू होते. प्रत ग्रंथालयाची असेल तर समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या जातात आणि परत करण्याआधी त्या इमानेइतबारे खोडल्या जातात. थिएटरात मामा कडेची खुर्ची मागून घेतात आणि दिवे मालवले की कामाला लागतात.

“आता तिचा भाऊ येईल बघ,” मामा कुजबुजतात.

भाऊ येत नाही.

“भाऊ कापला!”

पुढची दहा मिनिटं मामा त्या भावाच्या सुतकात असतात. तेवढ्यात पडद्यावर एक साखरपुडा आणि एक खून उरकून गेलेला असतो, त्यामुळे मग खून कुणाचा झाला ते मामांना विचारावं लागतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून ‘शुक्’ करतं. मामा त्याच्याकडे कणवेने बघतात. बिचारा न वाचलेला असणार.

मध्यंतरात जग सामोशांच्या रांगेत उभं असतं तेव्हा मामा भिंतीला टेकून तूट सांगत असतात. गावाकडची आजी गायब. विहिरीचा प्रसंग गायब. नायकाला मुळात चष्मा आहे, तो गायब. मामींनी अर्थातच कादंबरी वाचलेली नसते. “मला तर बाई आवडतोय,” त्या म्हणतात. “तू वाचलेलं नाहीयेस,” मामा म्हणतात आणि संसारातला आणखी एक वाद निकालात निघतो.

पुस्तकांवर सिनेमे काढावेत का, असं मामांना विचारलं तर उत्तर तयार आहे. काढूच नयेत. पण असा एकही सिनेमा मामांनी पहिल्या आठवड्याच्या पुढे ढकललेला मी पाहिलेला नाही. मामींचं मत याच्या बरोबर उलट आहे. “काढावेत बाई. नाहीतर हे शनिवारी घरी असतात.”

मामांची आणि त्यांच्या पंथाची मागणी एका ओळीची आहे. पुस्तकात आहे तसंच दाखवा. ऐकायला किती साधी वाटते! ही मागणी एका माणसाने खरोखर पुरी करायला घेतली होती. एरिख फॉन श्ट्रोहाइम हे त्याचं नाव आणि हॉलिवूड हे ठिकाण. फ्रँक नॉरिस या अमेरिकन लेखकाची ‘मॅकटीग’ नावाची कादंबरी आहे, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दात उपटणाऱ्या माणसाची. श्ट्रोहाइमसाहेबांनी ती जवळजवळ पानोपान चित्रित करायला घेतली. कादंबरीचा शेवट ‘डेथ व्हॅली’ नावाच्या वाळवंटात घडतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात अख्खी मंडळी त्या वाळवंटात नेली. सगळं जोडून झाल्यावर सिनेमा भरला आठ तासांच्या वर. कंपनीला घाम फुटला. तिने कात्री चालवून चालवून तो सव्वादोन तासांच्या आसपास आणला, ‘ग्रीड’ या नावाने १९२४ साली लावला आणि कापलेला बाकीचा भाग नष्ट झाला. आजतागायत सिनेमाचे अभ्यासक त्या हरवलेल्या तासांसाठी हळहळतात.

ही गोष्ट मी मामांना मुद्दाम सांगितली. डोळे उघडतील अशी आशा होती.

“आठच तास?” मामा म्हणाले. “आमच्याकडे संगीत नाटकं रात्रभर चालायची.”

मामांचा या विषयातला सर्वांत मोठा पराक्रम ‘तुंबाड’चा. २०१८ साली हा सिनेमा लागला तेव्हा पोस्टरवरचं नाव वाचून मामांनी कपाटातून श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड खाली उतरवले. दोन खंडांची उजळणी म्हणजे खायचं काम नाही. पण मामा मागे हटले नाहीत. खोतांच्या पिढ्या, नात्यागोत्यांचा गुंता, कोण कुणाचा चुलता, सगळं तोंडपाठ करून ते सज्ज होऊन बसले. आणि पडद्यावर मुसळधार पाऊस, पडका वाडा, साखळदंडाने बांधलेली एक भयंकर म्हातारी आणि पिठाला चटावलेलं हस्तर नावाचं लालभडक भूत! आता या सिनेमाने पेंडश्यांकडून घेतलं ते फक्त नाव. गोष्टीची ठिणगी पडली होती ती नारायण धारपांच्या भयकथेवरून. हे मामांना कोण सांगणार? मध्यंतरापर्यंत ते खोतांची वाट बघत होते. मामींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. दिवे लागल्यावर मामांनी मला गंभीरपणे विचारलं, “हा हस्तर कितव्या खंडात आहे रे?”

घरी येताना रिक्षात ते म्हणाले, “पुस्तकात असं नाहीये.” या वेळी मात्र ते अक्षरशः शंभर टक्के खरं बोलत होते.

मी या वाचलेल्या लोकांचा बराच अभ्यास केला आहे आणि माझ्या हाती एक नियम लागला आहे. सिनेमावरचा राग हा सिनेमा किती बिघडला यावर मुळीच अवलंबून नसतो. पुस्तक किती जणांनी वाचलंय, त्या प्रमाणात तो कमीजास्त होतो. ‘पिंजरा’ घ्या. शांतारामबापूंचा १९७२ सालचा हा सिनेमा म्हणजे अस्सल मराठी मातीतला, असं आपण छातीवर हात ठेवून सांगतो. तमाशा, लावण्या, गावचे गुरुजी, डॉ. लागू, संध्या, निळूभाऊ. आता मूळ बघा. हाइनरिख मान नावाच्या जर्मन लेखकाने १९०५ साली एक कादंबरी लिहिली. त्यात एक कडक शिस्तीचा मास्तर नाचगाण्याच्या अड्ड्यावरच्या बाईपायी धुळीला मिळतो. तिच्यावर १९३० साली जर्मनीत ‘द ब्लू एंजल’ निघाला, मार्लिन डीट्रिचवाला. त्यावरून आपला ‘पिंजरा’. म्हणजे बर्लिनहून निघालेला मास्तर वाटेत टोपी घालून, धोतर नेसून तमाशाच्या फडात येऊन उभा राहिला, पुस्तकाची पार हाडं खिळखिळी झाली, आणि एकाही माणसाने ‘मुळात असं नाहीये’ म्हणून हरकत घेतली नाही. कारण इथे मूळ जर्मन वाचलेला कुणी नव्हताच. जर्मनीत एखादे मामा असतील आणि त्यांनी ‘पिंजरा’ पाहिला असेल तर त्यांचं काय झालं असेल, या विचाराने मला कधीकधी वाईट वाटतं.

‘कुंकू’चंही तेच. प्रभातचा १९३७ सालचा हा सिनेमा ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून घेतला होता, तिचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. आता कुठला निर्माता पोस्टरवर स्वतः होऊन ‘न पटणारी गोष्ट’ असं लिहील? ‘कुंकू’ झालं ते बरं झालं. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ पाहून हेलावलेली पाच-पन्नास माणसं मला माहीत आहेत. शांता निसळ यांची मूळची ‘बेघर’ वाचलेला त्यांत एकही नाही, आणि म्हणूनच ती इतकी निवांतपणे हेलावू शकली.

नावांवरून आठवलं. अण्णा भाऊ साठ्यांइतक्या कादंबऱ्या मराठी सिनेमाला क्वचितच कुणी पुरवल्या असतील, आणि त्यांच्या पुस्तकांच्या नावांइतकी बारशी क्वचितच कुणाची झाली असतील. ‘आवडी’ पडद्यावर गेली ती ‘टिळा लावते मी रक्ताचा’ होऊन. ‘माकडीचा माळ’चं ‘डोंगरची मैना’ झालं. ‘अलगूज’चं काय झालं असेल? ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’! एवढं हळुवार नाव सुचलेल्या लेखकाने ते पोस्टर पाहिलं असतं, तर कपाळाला हात लावला असता की हसून सोडून दिलं असतं, कोण जाणे. पण निर्मात्याच्या बाजूनेही बोलायला हवं. ‘अलगूज’ या नावावर तंबूतली पुढची बाकं भरत नाहीत. साताऱ्याच्या तऱ्हेवर भरतात, आणि साताऱ्यात तर हमखास भरतात.

खरी पंचाईत होते ती सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकाची, त्यातूनही ज्यात फारसं काही घडतच नाही अशा पुस्तकाची. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये घडतं काय? आणीबाणीच्या दिवसांत नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरकडे बघतो. कधी ती बघते. कधी बघत नाही. सगळी मजा आहे ती बघता बघता त्याच्या डोक्यात जी अखंड बडबड चाललेली असते तिच्यात. सुऱ्या काय म्हणेल, चित्र्या काय म्हणेल, शिरोडकर आज अशी का चालली. हे कॅमेऱ्याने कुठे शोधायचं? कॅमेऱ्यापुढे एक मुलगा उभा आहे आणि तो खिडकीतून बाहेर बघतो आहे, एवढंच दिसणार. सुजय डहाके यांनी ते काम बरंच निभावलं असं माझं मत आहे. सरकारचंही असावं, कारण त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तर मिळालाच, शिवाय अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचाही मिळाला. पुस्तकांचे सिनेमे करावेत की नाही यावर भारत सरकारची भूमिका स्पष्ट आहे. त्यासाठी तेव्हा वेगळं बक्षीसच होतं.

मामांची भूमिका वेगळी होती. त्यांना शिरोडकरच मान्य नव्हती.

“मुलगी चांगलं काम करते,” ते म्हणाले, “पण डोळे तसे नाहीत.”

“कुणासारखे?” मामींनी विचारलं.

मामा त्या दिवशी जेवताना फार कमी बोलले.

चेहऱ्याचा हा घोळ खरोखरच मोठा आहे. कादंबरी वाचताना प्रत्येक जण फुकटात आपापली पात्रनिवड करून मोकळा झालेला असतो. नायिका म्हणून समोरच्या बिल्डिंगमधली, खलनायक म्हणून ऑफिसातला साहेब. मग पाच-दहा वर्षांनी कुणीतरी येतो आणि तिथे एकच चेहरा कायमचा ठोकून देतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव आमच्या आजोबांना कसा दिसायचा हे त्यांनाच माहीत. माझ्या पिढीला तो दूरदर्शनमुळे दिलीप प्रभावळकरांसारखाच दिसतो आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांसारखाच. आता मूळ पुस्तक उघडलं तरी पानापानांतून प्रभावळकरच बोलतात, त्याच आवाजात. पुढे २०१७ साली ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला. भा. रा. भागवतांचा बन्या म्हणजे फुरसुंगीचा शाळकरी पोर, सायकल आणि ‘ट्टॉक’. सिनेमात तो अमेय वाघ होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसायला पुण्यात आला. पन्नाशीच्या घरातल्या पुष्कळ सद्गृहस्थांना हे सहन झालं नाही. बन्या मोठा झालाच कसा, हा त्यांचा सवाल होता. तो विचारताना त्यांनी एका हाताने रक्तदाबाच्या गोळीची पट्टी चाचपलेली मी पाहिली आहे. पण गंमत पुढेच. त्या सिनेमात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र आहे, आणि ते काम कुणी केलंय? दिलीप प्रभावळकरांनी. बरं, ‘बोक्या सातबंडे’ तर प्रभावळकरांनी स्वतःच लिहिलेला. म्हणजे चिमणराव तेच, भा. रा. तेच आणि बोक्याचे जनकही तेच. हा क्रम असाच चालू राहिला तर शालेय पाठ्यपुस्तकांत लेखक-परिचयाला एकच फोटो पुरेल.

गाण्यांचं तर्कशास्त्र तर मला अजून उलगडलेलं नाही. गोनीदांच्या ‘जैत रे जैत’वर १९७७ साली सिनेमा झाला. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, डोंगर, मधाची पोळी, स्मिता पाटील. कादंबरीत माणसं अशी उठसूट गात नाहीत. पण या सिनेमाविषयी मामा चकार शब्द काढत नाहीत, उलट आंघोळ करताना त्यातलंच काहीतरी गुणगुणतात. “गाणी चांगली असली की चालतं,” असं त्यांचं म्हणणं. मग ‘पिंगा’ का चाललं नाही?

‘पिंग्या’चं प्रकरण आमच्या पुण्याने फार मनाला लावून घेतलं होतं. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून संजय लीला भन्साळींनी ‘बाजीराव मस्तानी’ काढला, २०१५ च्या डिसेंबरात तो लागला. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. इकडे रणवीर सिंगचे बाजीराव स्वतः पगडी-बिगडी काढून ठेवून विजयाच्या आनंदात ‘मल्हारी’ गाण्यावर असे काही उसळतात की पालखेडची लढाई यापुढे किरकोळ वाटावी. मामा संतापले. मला घरी बोलावून घेतलं.

“काशीबाई नाचतील का?”

“तुम्हाला काय माहीत, मामा?”

“मी ‘राऊ’ वाचलंय!”

“पण ती कादंबरी आहे.”

“इनामदार अभ्यास करून लिहीत असत.”

त्यात खोटं काही नाही, इनामदार कागदपत्रं धुंडाळून लिहिणारे होते. पण म्हणून कादंबरी म्हणजे काही तहनामा होत नाही. वाद ऐकून शेजारचे काका आत आले. त्यांचं म्हणणं पडलं की इनामदारांचंही पूर्ण बरोबर नाही, कारण त्यांनी एका जुन्या मालिकेत वेगळं पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मालिका मोडीत काढली, कारण त्यांच्या माहेरच्या कॅलेंडरवर मस्तानीच्या हातात तंबोरा होता. सिनेमा खोटा ठरवायला कादंबरी, कादंबरी खोटी ठरवायला मालिका आणि मालिका खोटी ठरवायला कॅलेंडर, अशी पुराव्यांची उतरंड मामांच्या दिवाणखान्यात रचली गेली. तिकडे याच पुण्यात, रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडीतले कागद रुमालांत बांधून शांत पडलेले आहेत. तिकडे जायचं कुणाच्याच मनात आलं नाही. मोडी येत नाही ही एक अडचण. आणि कागदात नाचाचा उल्लेख नसला तर वाद संपेल ही दुसरी, त्याहून मोठी.

पुढच्याच वर्षी मामांच्या पुतणीची हळद होती. नऊवारी नेसून, नथ घालून सगळ्या पोरींनी मिळून ‘पिंगा’ केला. मामा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. “ते वेगळं,” मामा म्हणाले.

अलीकडे या मंडळींचं काम आणखी सोपं झालंय, सिनेमा लागायची वाट बघावी लागत नाही. तपासणी ट्रेलरपासूनच सुरू होते. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरचा सिनेमाच घ्या. २०२५ च्या जानेवारीत ट्रेलर आला, त्यातल्या लेझीमवरून वादळ उठलं, आणि फेब्रुवारीत सिनेमा आला तो ते दृश्य काढूनच.

लेखकांचं या सगळ्यात काय होतं? बहुतेक लेखक हयात नसतात, ही सोय आहे. हयात असलेल्याला प्रीमियरच्या वेळी नटनट्यांच्या मधे उभं करतात, कोपराने ढकलत ढकलत कडेला नेतात आणि ‘सिनेमा कसा वाटला’ म्हणून माइक पुढे करतात. अशा वेळी सराईत लेखक ‘ही दिग्दर्शकाची कलाकृती आहे’ असं म्हणतो. या वाक्यात कौतुक आहे की काखा वर केल्या आहेत, हे आजवर कुणालाही ठरवता आलेलं नाही. आता तर काही नवे कादंबरीकार आधीच शहाणे झालेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप पडते. नायक दार उघडतो. प्रकरण संपतं. वाचताना पुढचा भाग दहा सेकंदांत आपोआप सुरू होईल असं वाटत राहतं.

पण पुस्तक आणि सिनेमा यांचा व्यवहार नेहमी एकाच दिशेने होतो असंही नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्यातल्या हंसा वाडकरांनी पुढे आपली कहाणी सांगितली, ती शब्दांत उतरवली अरुण साधूंनी, आणि त्या आत्मचरित्राला नाव दिलं ‘सांगत्ये ऐका’. त्यावरून १९७७ साली श्याम बेनेगलांनी हिंदीत ‘भूमिका’ केला. सिनेमातून पुस्तक, पुस्तकातून सिनेमा. आणि साधूंच्या स्वतःच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून दोन वर्षांनी एक सिनेमा झाला, ‘सिंहासन’. तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना एकीचं धड आणि दुसरीचे पाय असं बेमालूम जोडकाम केलं. मला विचाराल तर कादंबरीशी इतकं निर्दयपणे वागल्यामुळेच तो सिनेमा एवढा चांगला झालाय. कादंबरीची पूजा करत बसलेला दिग्दर्शक मला भीतिदायक वाटतो. तो कापत नाही, आणि मग आपण आठ तास बसतो.

मामांचं मर्म मला कळलं ते मात्र ‘श्यामची आई’मुळे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. पुस्तक बेचाळीस रात्रींचं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली वनमालाबाईंना आई करून त्याचा सिनेमा केला. बेचाळीस रात्रींची एक संध्याकाळ करायची म्हणजे कात्री केवढी लागली असेल! पण त्याच वर्षीच्या सिनेमांपासून राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाने आणलं. मामांनी तो लहानपणी शाळेच्या पटांगणात, पांढऱ्या चादरीवर पाहिला. त्या वेळी पुस्तक वाचलेलं नव्हतं. शर्टाची बाही भिजेपर्यंत रडले, असं ते आजही अभिमानाने सांगतात. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला, तोही कृष्णधवल. मामा बघायला गेले. परतताना मी सवयीने विचारलं, “काय, पुस्तकात असं नाहीये का?”

“पुस्तकाचं सोड,” मामा म्हणाले. “वनमालाबाई अशा नव्हत्या.”

म्हणजे बघा. मूळ मूळ म्हणून ज्याच्यावरून एवढं रान उठवायचं, ते मूळ म्हणजे आपल्याला आधी जे भेटलं ते, एवढंच. मामांना बहुतेक वेळा पुस्तक आधी भेटलं, कारण त्यांच्या तरुणपणी तिकिटापेक्षा ग्रंथालयाची वर्गणी स्वस्त होती. अत्र्यांचा सिनेमा आधी भेटला, तर तो मूळ झाला आणि साने गुरुजींवर आधारित असल्याचं त्याला माफ करण्यात आलं.

हे मी मामांना बोलून दाखवलं नाही. त्याची गरज पडली नाही, कारण माझा मुलगा अकरावीत गेला. सुट्टीत हाताशी मोबाइल सोडून काहीतरी असावं म्हणून मामांनी आपल्या कपाटातली ‘राऊ’ त्याला दिली. जुनी प्रत, कव्हर घातलेली. देताना एक छोटंसं भाषणही केलं. ‘बाजीराव मस्तानी’ त्याने अर्थातच पाहिला होता, कितीदा ते त्यालाही आठवत नाही, आणि त्यातली गाणी त्याला पाठ आहेत. आठवडाभर तो पुस्तकात डोकं खुपसून बसला. मामा रोज फोन करून ‘कुठवर आलास’ विचारत होते. रविवारी पोरगं पुस्तक परत करायला गेलं, बरोबर मीही.

“काय, कशी वाटली?” मामा खुर्चीत सावरून बसले.

“चांगली आहे, मामाआजोबा,” तो म्हणाला, “पण पिंगा कुठल्या पानावर आहे? मी दोनदा शोधलं.”

“पिंगा? पिंगा नाहीये त्यात.”

“मल्हारीपण नाहीये. आरसेमहाल तर कुठेच नाही. आणि रणवीर पहिल्यांदा येतो तो सीनच उडवलाय.” त्याने पुस्तक टीपॉयवर ठेवलं. “लेखकाने बरंच बदललंय हो. सिनेमात असं नाहीये.”

मामांचा चेहरा लाल झाला. मामी स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बश्या घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

“अरे गाढवा,” मामा ओरडले, “कादंबरी वेगळी, सिनेमा वेगळा! दोन वेगळी माध्यमं आहेत ती! एकातलं जसंच्या तसं दुसऱ्यात कसं येईल?”

“अहो, जरा परत म्हणा,” मामी म्हणाल्या. “लिहून ठेवते.”